आठ डझन, गुरुवारी

गाडी लांब चिंचेखाली ठेवून
ती चिखल तुडवत आमच्या परसात आली, माशेलला,
आणि विचारलं,
कोंबड्यांना कसलं औषध पाजता का?
मी म्हटलं, बाय, इथं माणसांना पाजायला पुरत नाही.
ती हसली नाही. वहीत काहीतरी लिहिलं.
मग म्हणाली, आठ डझन. दर गुरुवारी.
चार दिवसांच्या आतली.

डॉक्टर इर्मेलिंदा फुर्तादो.
मी दोतोरबाय म्हणायची.

गुरुवार म्हणजे बाणस्तारीचा बाजार. तो सोडून
मी बांबोळीची बस धरायची,
मांडीवर टोपली, भुशात अंडी, वर जुनं लुगडं.
कंडक्टर विचारी, इस्पितळात कोण आहे?
कोण नाही, मी सांगायची.
पहिल्या वर्षी ते खरं होतं.

एकदा तिनं काचेपलीकडून दाखवलं.
अंडी स्पिरिटनं पुसून फोडतात,
पिवळं-पांढरं एकत्र घुसळतात, हिरवा रंग घालतात,
बाटल्या तिरप्या ठेवून वाफेवर थिजवतात.
डोंगरउतारावरचं इवलंसं शेत.
त्यात पेरतात खोकल्यातला बेडका.
फार सावकाश जंतू, ती म्हणाली,
बाकीचे अर्ध्या तासात एकाचे दोन होतात,
ह्याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो.
उगवलेलं मी पाहिलं:
पोदेराच्या पावाचा चुरा
कुणी सांडून पुसायला विसरलं, तसं.

सोयरू माझा धाकटा. मायनीवर ट्रक चालवायचा.
गोळ्या नेमानं घ्यायचा,
रिकामी पाकिटं शर्टाच्या खिशात जपायचा
कारण दवाखान्यात सगळे म्हणत, हा चुकवतो.
त्याचा बेडका चार बाटल्यांत पेरला,
एक साधी, तीन औषध कालवलेल्या.
दहा आठवडे लागतील, बाय म्हणाली
आणि माझ्याकडे न बघता
टोपलीतली अंडी पुन्हा मोजू लागली.

सहाव्या आठवड्यात आम्ही त्याला पोचवला.
सातव्या गुरुवारी मी अंडी घेऊन गेले.
काय करणार, कोंबड्या घालायच्या थांबत नाहीत.

दहाव्या आठवड्यात चारही बाटल्या उगवल्या.
म्हणजे गोळ्या फुकट.
म्हणजे तो खोटं बोलत नव्हता.
बायनं आपणहून दाखवल्या नाहीत, मीच मागितल्या.
माझ्या कोंबड्यांच्या अंड्यावर
तेवढाच तो उरला होता, वाढत.

त्यानंतर अकरा वर्षं
ती त्या दहाचे दोन करत बसली.
मधे यंत्र बंद पडलं, दिल्लीचे पैसे अडकले,
एकदा सगळंच चुकलं आणि ती महिनाभर
माझ्याशी फक्त सुट्ट्या पैशांबद्दल बोलली.

परवा तिचा सत्कार झाला. मी शेवटच्या खुर्चीवर.
कुणी सांगितलं, बाईंच्या निबंधांचा उल्लेख
जगात नऊशे बारा ठिकाणी आहे.
मी डझनात मोजते. शहात्तर डझन.
बरोबर शहात्तर, एकही फुटलेलं नाही.
मग सांग्याची एक मुलगी माइकवर आली,
दोन आठवड्यांत औषध बदलून मिळालेली.
तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं,
खोकली नाही.

आणि काल बाय पुन्हा परसात, तशीच चिखलातून.
फोन करता आला असता.
नव्या पद्धतीला अंडी लागत नाहीत, म्हणाली.
कधीपासून?
ह्या गुरुवारपासून.
खुराड्यात एक कोंबडी उगाच ओरडत होती.

मी सहा अंडी केळीच्या पानात बांधून दिली,
घरी नेऊन खा म्हटलं.
इतक्या वर्षांत माझं एक अंडं तिच्या तोंडी लागलं नव्हतं.
चिंचेपर्यंत जाताना पाहिलं,
पुडी तिनं दोन्ही हातांत धरली होती,
बाटल्या धरतात तशी,
थोडी तिरपी.